विश्लेषण : अणुऊर्जाविरोधामागे तेल कंपन्यांचा पैसा? अमेरिकेत काय घडले, कोकणात काय दिसते?

सिंधुदुर्गाच्या सीमेवर, विजयदुर्ग खाडीपलीकडे माडबन येथे ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प प्रस्तावित आहे. अणुऊर्जेच्या विरोधामागे तेल, वायू, कोळसा कंपन्यांचा पैसा असतो, असा दावा जगभर केला जातो. तो कोकणाला कितपत लागू पडतो?

संशयाचे मूळ कुठे?

अमेरिकेत. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या अणुऊर्जाविरोधी संघटनेला सुरुवातीच्या काळात रॉबर्ट अँडरसन यांनी निधी दिला. ते ‘अटलांटिक रिचफील्ड’ या तेल कंपनीचे प्रमुख होते. ‘सिएरा क्लब’ने २००७ ते २०१० दरम्यान वायू उद्योगातून अडीच कोटी डॉलरहून अधिक निधी घेतल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. हा क्लब अणुऊर्जेच्या विरोधात आहे. पण तो निधी प्रामुख्याने कोळशाविरोधी मोहिमेसाठी होता. कोळसा मागे पडला की वायूची मागणी वाढते, हे त्यातले गणित.

भारतातील आरोप काय?

तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या मुलाखतीत कुडनकुलमच्या विरोधामागे अमेरिका व स्कँडिनेव्हियन देशांतील संस्थांकडे बोट दाखवले. २०१४ च्या गुप्तचर विभागाच्या अहवालात परदेशी निधी घेणाऱ्या संस्था अणुऊर्जेबरोबर कोळसा प्रकल्पही अडवतात, असा आक्षेप होता. म्हणजे आरोप परदेशी पैशाचा होता, तेल कंपन्यांच्या पैशाचा नव्हे.

कोकणात काय दिसते?

देवगड तालुक्यातील मुणगे येथे प्रस्तावित ४,००० मेगावॉटच्या कोळसा वीज प्रकल्पाला स्थानिकांनी विरोध केला. नाणार रिफायनरीत सौदी अरामको भागीदार होती आणि देवगडमधील गिर्ये, रामेश्वर ही गावेही त्यात होती. विरोधानंतर २०१९ मध्ये तिथले भूसंपादन रद्द झाले. कोळसा, तेल आणि अणुऊर्जा या तिन्हींना याच किनाऱ्यावर विरोध झाला. त्यामुळे अमेरिकेतील उदाहरण इथे जसेच्या तसे बसत नाही.

मग खरा प्रश्न कोणता?

अणुभट्ट्या थंड करून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल, हा मच्छीमारांचा प्रश्न आहे. जैतापूरविरोधी आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलीस गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. संघटनांनी निधीचा हिशेब जाहीर करावा, ही मागणी रास्तच. प्रकल्पाच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांनाही ती लागू आहे. मात्र पैसा कुणाचा हे कळले, तरी मासळीचे काय, याचे उत्तर द्यावेच लागेल.