शकावली आणि कंपायलर

१/ आंबवड्यात कान्होजी जेधे यांची समाधी आहे. त्यांच्याच घराण्याच्या जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी येते. ‘शिवभारत’ही तीच देते. दोन निराळी साधने जुळली, म्हणून त्या तिथीचे वजन वाढले.

२/ ‘कोणती भाषा वेगवान?’ या वादात मात्र ही शिस्त आपण विसरतो. वेग निव्वळ भाषेचा नसतो, तिच्या कंपायलरचा असतो. हाताने लिहिलेल्या यंत्रसंकेताहून फोर्ट्रान फार मंद ठरली तर तिला कोणी स्वीकारणार नाही, ही जॉन बॅकस यांची धास्ती होती. म्हणूनच १९५७ साली आयबीएम ७०४ साठी आलेला तिचा पहिलाच कंपायलर ऑप्टिमायझेशन करणारा होता.

३/ आज एकच सी प्रोग्राम जीसीसीने ऑप्टिमायझेशनविना आणि ऑप्टिमायझेशनसह बांधून पाहा. लागणारा वेळ अनेकदा कित्येक पटींनी बदलतो. ज्या लूपचे उत्तर कुठेच वापरलेले नाही, ते लूप कंपायलर काढूनही टाकतो. मग वेळ शून्यापाशी येतो. पण तो विक्रम नव्हे, न केलेले काम असते.

४/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे : यंत्र, आवृत्ती आणि निवडलेले पर्याय न सांगणारा वेगाचा तक्ता म्हणजे तिथीवाचूनची बखर. वाचावी जरूर, निवाडा तिच्यावर देऊ नये.