हाड भरतं, कूर्चा नाही

श्रीगोंद्याच्या बाजारात सध्या एक पत्रक हातोहात फिरतंय. शिबिराला या, एका इंजेक्शनात म्हणे गुडघ्याची झिजलेली गादी पुन्हा तयार! ऐन ऊसतोडीत हे वाटलं जातंय, याची चीड येते. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. यात ज्यांचे गुडघे गेले, त्यांच्याच हाती हा कागद पडतोय.

हाड आणि कूर्चा, म्हणजे तीच गादी, एकमेकांना चिकटून असतात, पण गुण वेगळे. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. इलिझारोव्ह यांनी दाखवून दिलं, की हाड कापून त्याची टोकं रोज एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, दूर सारत गेलं तर मधल्या फटीत खरंखुरं नवं हाड धरतं. हाडात रक्त खेळतं, म्हणून हे जमतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. म्हणूनच ती झिजताना कळत नाही आणि गुडघा बोलायला लागतो तोवर बरीच गेलेली असते.

कूर्चेवर संशोधन झालंच नाही, असं नाही. १९९४ साली स्वीडनच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्याच कूर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यातल्या खड्ड्यांत भरल्या. मांडीच्या हाडाच्या टोकाशी १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीमागे मात्र सातांपैकी दोघांनाच. हे गुडघे एखाद्या जागी खड्डा पडलेले होते. वयाने सगळीकडून घासलेले नव्हेत. मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या पेशी-उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, तोही याच वाटेचा: आधी तुकडा काढायचा, मग पेशी वाढवायच्या, मग शस्त्रक्रिया. शिबिराच्या मांडवात एका सुईत उरकणारं हे काम नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या नेहमीच्या प्रकाराची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली. पूर्ण झिजलेल्या गुडघ्याला आज खरा आधार त्याचाच, पण शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मोळी उचलता येत नाही, हे कोणी सांगत नाही. म्हणून या स्तंभाची जुनी मागणी पुन्हा: कारखान्यांनी गाळप हंगामाच्या आधी आणि नंतर प्रत्येक तोडणी मजुराचे गुडघे आणि कंबर तपासून त्याची नोंद ठेवावी. मोळी डोक्यावरून चढवण्याऐवजी यंत्राने उचलायची सोय करणं कारखान्यांना परवडतं.

आणि पत्रक घेऊन शिबिराला निघालेल्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात: पेशी कुठल्या प्रयोगशाळेत वाढवल्या, आणि मंजुरीचा कागद कुठे आहे?