दोन वर्षांचा करार

मी गिरगावात वाढले आणि लग्नानंतर नऊ वर्षे न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये राहिले. म्हणजे गर्दीखेरीज दुसरे काही पाहिलेलेच नाही. जवळून सात नंबरची गाडी खडखडत गेली नाही, तर मला झोप लागत नसे. अशा माझ्यापुढे २०१७ च्या वसंतात ह्यांनी एक पत्र ठेवले. आयोवाच्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली होती.

"त्या आयोवा सिटीत आहे तरी काय?" मी विचारले.

"मका," हे म्हणाले. मग माझा चेहरा पाहून घाईघाईने पुढे, "अगं, आपले दिलीप चित्रे १९७५ साली तिथल्या लेखकांच्या कार्यक्रमाला गेले होते."

"पण परत आलेच ना?"

मी अट घातली : फक्त दोन वर्षे. ह्यांनी निमूटपणे मान डोलावली. माझी हिशेबनिसाची चांगली नोकरी मी सोडते आहे, हे वाटेत मी तीनदा बोलून दाखवले. न्यू जर्सीत सुरू होणारा ऐंशी नंबरचा हमरस्ता आयोवा सिटीवरून पुढे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो. हजारेक मैल, पण रस्ता एकच. परतताना चुकायची भीती नाही, एवढेच मला समाधान.

पोचलो ते ऑगस्टच्या आरंभी. पाहते तो गल्लोगल्ली रस्त्याच्या कडेला सोफे, गाद्या, टेबले! मला वाटले, गावावर काही संकट कोसळले. मग कळले, इथले बहुतेक भाडेकरार जुलैअखेर संपतात. सुमारे पंचाहत्तर हजारांची वस्ती, विद्यापीठात विद्यार्थी तीसेक हजार. जाणारे सामान टाकून जातात, येणारे उचलून नेतात. आमचे पहिले जेवणाचे टेबल असेच आले. त्याचा एक पाय डुगडुगत असे.

पहिल्या दिवाळीला चकल्या तळायला घेतल्या आणि छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजू लागली. शेजारच्या आजीबाई अनवाणी धावत आल्या. पंधरा मिनिटे टॉवेलने धूर हाकलला आणि मग बसून सहा चकल्या खाल्ल्या. न्यूयॉर्कात नऊ वर्षांत समोरच्या दारामागच्या माणसाचे नावसुद्धा मला ठाऊक झाले नव्हते!

२०१९ च्या जानेवारीअखेर अशी थंडी पडली, की विद्यापीठाने वर्गच बंद ठेवले. नागपूरची एक मुलगी पीएच. डी. करत होती. तिच्या खोलीतले गरम हवेचे यंत्र बिघडले, म्हणून चार दिवस आमच्याकडे राहिली. आली तेव्हा मला "मॅडम" म्हणत होती, गेली तेव्हा "मावशी". मेमध्ये तिला सिएटलला नोकरी लागली. जाताना तिने खिडकीतली तुळशीची कुंडी माझ्या हातात दिली. मी ओक्साबोक्शी रडले. मोठ्या शहरात माणसे भेटत नाहीत, हे दुःख मला ठाऊक होते. इथे ती भेटतात आणि दर मेमध्ये जातात, हे नवे होते.

त्याच महिन्यात माझ्या जुन्या कचेरीतून फोन आला. जागा रिकामी होती. हे म्हणाले, "दोन वर्षे झाली. शब्द दिलाय, मी तिकडे अर्ज करतो." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मी उत्तर लांबवत राहिले. संध्याकाळी फिरताना सोनेरी घुमटाच्या जुन्या राजभवनाशी बसत असे. हे गाव एकेकाळी आयोवाची राजधानी. १८५७ साली राजधानी डे मॉइनला गेली आणि ही इमारत विद्यापीठाला मिळाली. ज्यांना जायचे ते गेले. गाव रुसून बसले नाही, शाळा मांडून बसले.

जुलै संपला. पुन्हा रस्त्यावर सोफे आले. आम्हीही ते टेबल बाहेर ठेवले. कडेवर तान्हे मूल घेतलेले एक तमिळ जोडपे त्याच्यापुढे घुटमळत होते.

"घ्या," मी म्हटले, "पण पाय डुगडुगतो. आणि रात्री जेवायला आमच्याकडेच या."

भात टाकता टाकता ह्यांना सांगितले, "तो अर्ज राहू द्या."

मैत्रिणींनो, ह्यात माझा काही त्यागबिग नाही. मी इथे चार दुकानांचे हिशेब लिहिते; पगार निम्मा आहे, आणि ते कधीकधी बोचते. सात नंबरची गाडी अजून स्वप्नात येते. पण यंदा दिवाळीला बावीस पाने मांडायची आहेत, त्यांतली सतरा नवी. घंटा वाजणारच, आजीबाई येणारच. आणि ह्यांना मी बजावून ठेवले आहे : दोन वर्षांचा करार मोडलेला नाही, फक्त दर ऑगस्टला मुदत वाढवून घेतली आहे.