खून कबूल, पण…

‘राशोमोन’मध्ये जंगलात एका सामुरायचा खून होतो आणि नवल असं, की तो आरोप टाळायला कोणीच धडपडत नाही. दरोडेखोर छातीठोकपणे सांगतो, मी मारला. बायको सांगते, कट्यार माझ्या हातात होती, शुद्धीवर आले तेव्हा ती त्यांच्या छातीत होती. मेलेला सामुराय एका बाईच्या अंगात येतो आणि म्हणतो, मीच माझा जीव घेतला. अकिरा कुरोसावाच्या या १९५० सालच्या चित्रपटाचं तात्पर्य म्हणून आपल्याकडे एकच वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे : ज्याचं त्याचं सत्य निराळं. चर्चासत्रात ते शोभून दिसतं आणि वादात आपली अडचणीची बाजू झाकायलाही कामी येतं. आम्हाला मात्र ते पटत नाही.

तिघांच्या जबान्या शेजारी ठेवून पाहा. दरोडेखोराच्या हकिकतीत तो शूर आहे, सामुरायही तोडीस तोड आहे, तलवारी तेवीस वेळा भिडल्या आहेत. बायकोच्या हकिकतीत ती नवऱ्याच्या थंड, तुच्छ नजरेने भान हरपलेली आहे. सामुरायच्या हकिकतीत तो मानी पुरुष आहे. मग शेवटी लाकूडतोड्या आपण पाहिलेलं द्वंद्व सांगतो. त्यात दोन्ही पुरुष थरथरताहेत, धापा टाकताहेत, अडखळून पडताहेत, एकमेकांना बघून पळताहेत. एवढंच नेमकं तिघांनीही गाळलं होतं. खुनी ठरायला तिघेही राजी, भेकड ठरायला एकही नाही. मेल्यावरसुद्धा नाही! आणि हे सगळं उघड करणारा लाकूडतोड्या? प्रेताजवळची किमती कट्यार त्याने चोरली होती. ती त्याच्याही हकिकतीतून गळालेली असते.

माणसाला पापाचं भय असतं, शिक्षेचं असतं. पण त्याहून मोठं भय आपण क्षुद्र ठरण्याचं असतं. चांगले चित्रपट पाहताना आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे.

‘राशोमोन’ला १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना तो मुळात आवडला नव्हता, कळलाही नव्हता. पुरस्कारानंतर मात्र हेच गृहस्थ सगळं श्रेय स्वतःकडे घेऊन बोलू लागले. कुरोसावाने आत्मचरित्राच्या शेवटी हे नमूद केलं आहे आणि आपण ‘राशोमोन’च पुन्हा पाहत असल्यासारखं वाटलं, असंही म्हटलं आहे.

असगर फरहादीच्या ‘अ सेपरेशन’मध्ये (२०११) कोणीही दरोडेखोर नाही. तेहरानमधला नादेर बँकेत नोकरी करतो, स्मृती गेलेल्या वडिलांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालतो. वडिलांची देखभाल करणारी रझिये एके दिवशी त्यांना पलंगाला बांधून बाहेर जाते. संतापलेला नादेर तिला दाराबाहेर ढकलतो. तिचा गर्भ जातो. ती गरोदर आहे हे त्याला ठाऊक होतं का, या एका प्रश्नावर खटला उभा राहतो. नादेर ‘नव्हतं’ म्हणतो. अकरा वर्षांची मुलगी तेरमे घरी विचारते, तेव्हा ठाऊक होतं असं कबूल करतो. आपण तुरुंगात गेलो तर वडिलांचं आणि तिचं काय होणार, हे त्याचं कारण खोटं नाही. मग तो म्हणतो, तू सांगशील तर जाऊन खरं सांगतो. वरवर हे औदार्य आहे. खरं तर निर्णयाचं ओझं त्याने पोरीच्या डोक्यावर ठेवलं आहे. पुढे न्यायाधीशासमोर ती बापासाठी खोटं बोलते. बापाला तिच्या नजरेत मोठं राहायचं होतं आणि त्याची किंमत तिने मोजली.

त्याच चित्रपटात रझिये वेगळी वागते. आदल्या दिवशी तिला मोटारीची धडक बसलेली असते, त्यामुळे गर्भ नक्की कशाने गेला याची तिला शंका आहे. भरपाई जवळजवळ हातात आलेली, सावकार घरात बसलेले, नवरा आस लावून उभा. आणि कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची वेळ येताच ती माघार घेते. सगळ्यांसमोर लहान होते.

अब्बास कियारोस्तामीचा ‘क्लोज-अप’ (१९९०) तर खऱ्याच घटनेवर आहे. सब्झियान नावाचा गरीब माणूस एका कुटुंबाला आपण प्रख्यात दिग्दर्शक मखमलबाफ असल्याचं सांगतो. थोडे पैसेही घेतो. पण खटल्यात उलगडत जातं, की त्याची भूक पैशांची कमी आणि मानाची जास्त होती. त्याच्यावर हसू येत नाही, कारण तसा कोणी आपल्यातही असतो.

या भयातून कोणी सुटतं का? कुरोसावानेच ‘राशोमोन’नंतर दोन वर्षांनी उत्तर शोधलं. ‘इकिरू’तला वातानाबे नगरपालिकेत तीस वर्षं शिक्के मारत बसलेला विभागप्रमुख. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं आणि हा माणूस वस्तीतल्या बायकांनी मागितलेल्या एका बागेसाठी दारोदार फिरू लागतो. साहेबांच्या खोल्यांबाहेर मान खाली घालून ताटकळतो, गुंडांच्या धमक्या ऐकतो. एवढा अपमान होऊनही राग येत नाही का, असं विचारल्यावर सांगतो की कोणावर रागवायला वेळच नाही. बाग होते. श्रेय उपमहापौर लाटतात. वातानाबेच्या दुखवट्याला दारू चढल्यावर सगळे सहकारी त्याच्यासारखं वागायच्या शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्जदाराला पुन्हा दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. मरणाच्या दारातला एकच माणूस बदलतो, बाकी कचेरी जशीच्या तशी. हा हिशेब निराशेचा वाटेल, पण खरा आहे आणि बाग त्यातून वजा होत नाही.

असे दूरदेशीचे चित्रपट आपल्याला का भिडतात? आपल्याकडच्या चित्रपटात पात्र तोंड उघडायच्या आत आपण त्याचं आडनाव, गाव, जात, भाषेचा हेल हेरून मोकळे होतो आणि निकालही देतो. तेहरानच्या आडनावांतून आपल्याला काहीच कळत नाही. माणूसच बघावा लागतो. आणि बाहेरचं पाहून स्वतःकडे वळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर पाहिलं ते राम-कृष्ण डोळ्यांपुढे आणतच.

यंदाचा आमचा अंक या पडद्यावरच्या माणसांना वाहिलेला आहे. लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती : कथासार नको, चित्रपट बघताना तुम्ही कुठे पकडले गेलात ते लिहा. काहींनी ते धाडसाने लिहिलं आहे, काहींनी सफाईने टाळलं आहे. कोणी काय केलं ते तुम्ही ओळखालच. अंक वाचून आम्हाला पत्र जरूर पाठवा. कौतुकाची पत्रं आम्ही दरवर्षी आनंदाने छापतो. या वेळी चुका दाखवणारी आधी छापू, संपादकीयातल्याही. शुभ दीपावली.