व्यसनमुक्तीनंतरच्या निगेसाठी द्वारकेत सेवा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
दक्षिण-पश्चिम जिल्हा, दिल्ली.

विषय: व्यसनातून सावरणाऱ्या व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पाठपुरावा सेवा, सभांसाठी जागा व माहिती उपलब्ध करून देणेबाबत.

महोदय,

द्वारका उपनगरातील मराठीभाषक रहिवाशांतर्फे हे निवेदन सादर करण्यात येत आहे.

दारू सुटणे आणि दारूवाचून जगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, पहिलीसाठी काही आठवड्यांचे उपचार पुरतात, तर दुसरीसाठी पुढची अनेक वर्षे घरी, कामावर आणि सणासमारंभांत रोज जपावे लागते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ, म्हणजे पुन्हा पिण्याची अनावर ओढ, बळावते, असे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आवर्जून शिकवले जाते. त्यामुळे वेळेवर जेवण, पुरेशी झोप, मन मोकळे करायला विश्वासाचे माणूस आणि ठरल्या दिवशी तपासणी हा उपचारांचाच भाग ठरतो.

घरच्यांनाही अशाच निगेची गरज असते. दारू सुटून कित्येक महिने लोटले तरी संध्याकाळी लिफ्टचे दार वाजताच पत्नीचे कान टवकारतात, आत आलेल्या माणसाच्या श्वासाचा वास नकळत घेतला जातो, आणि मुले पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाईल याचा अंदाज बांधतात. साऱ्या घराचे जगणे असे एकाच माणसाच्या व्यसनाभोवती फिरू लागते, तेव्हा त्या अवस्थेला सहव्यसनाधीनता म्हणतात. अशा धास्तीपोटी कधी कधी डायसल्फिराम हे औषध रुग्णाला न सांगता डाळीत मिसळले जाते. परंतु शरीरातील दारूचे विघटन अर्ध्यावर रोखणारे हे औषध पोटात असताना दारू घेतली गेल्यास उलट्या, धडधड व रक्तदाब कोसळणे असे जिवावर बेतणारे परिणाम संभवत असल्याने, ते रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

ही गरज ओळखून काम उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो, तर मद्यपींच्या आप्तांचा अल-अॅनॉन हा स्वमदत गट, म्हणजे समदुःखितांनी एकमेकांना आधार देण्याची व्यवस्था, अमेरिकेत १९५१ सालापासून उभा आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असून, दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक स्थितींचाही मानसिक आजारात समावेश करतो, आणि त्याच्या कलम १८ मध्ये रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांची, तसेच उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. प्रत्यक्षात एम्सचे राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र गाझियाबादला आणि मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्था दिलशाद गार्डनला, म्हणजे दोन्ही यमुनेपलीकडे, असल्याने दिल्लीच्या नैऋत्य टोकाच्या द्वारकेतून तेथे जाण्यात कामाचा दिवस बुडतो, आणि नोकरी टिकवण्याच्या धडपडीत असलेल्या माणसाचा पाठपुरावा नेमका तिथेच तुटतो.

तरी पुढील मागण्या मान्य व्हाव्यात:

१. द्वारका सेक्टर ९ मधील इंदिरा गांधी रुग्णालयात आठवड्यातून किमान एक दिवस सायंकाळी व्यसनमुक्ती पाठपुरावा बाह्यरुग्ण विभाग चालवावा.

२. त्याच वेळी पत्नी, आईवडील व मुलांसाठी स्वतंत्र समुपदेशक नेमावा. कुटुंबीयांना भेटण्यासाठी रुग्णाने सोबत असण्याची अट नसावी.

३. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या समाजसदनांत स्वमदत गटांच्या साप्ताहिक सभांसाठी विनाशुल्क खोली मिळावी, व ती देताना उपस्थितांची नावे मागू नयेत.

४. नियमित दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत झटके व वातभ्रम, म्हणजे भ्रमिष्टासारखी गंभीर अवस्था, उद्भवू शकतात; म्हणून घरात कोंडून दारू सोडवू नये, तसेच डायसल्फिराम लपवून देऊ नये, ही माहिती १४४४६ (व्यसनमुक्ती) व १४४१६ (टेली-मानस) या मदत क्रमांकांसह हिंदी, मराठी व अन्य भाषांत गृहनिर्माण सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर लावावी.

५. परिसरातील खासगी व्यसनमुक्ती केंद्रांची नोंदणी तपासावी, आणि मारहाण वा कोंडून ठेवण्याच्या तक्रारींसाठी गोपनीयता राखणारा अधिकारी नेमावा.

यांतील तिसरी व चौथी मागणी उपलब्ध इमारती व फलकांवरच पूर्ण होण्याजोगी असल्याने, त्यांची अंमलबजावणी प्रथम व्हावी. या विषयावर चर्चेसाठी निवेदनकर्त्यांच्या शिष्टमंडळास वेळ द्यावी आणि झालेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही नम्र विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
द्वारका उपनगरातील मराठीभाषक रहिवासी,
नवी दिल्ली.

सोबत: निवेदनाची हिंदी प्रत