सिव्हिलची अ‍ॅडमिशन आणि मुळशीचा पाऊस

परवा घरी पुतण्याच्या सिव्हिलच्या अ‍ॅडमिशनवरून चर्चा रंगली. बारावीला फिजिक्स-गणित, किमान ४५ टक्के (राखीव वर्गाला ४०), सीईटी. २०२१ मध्ये एआयसीटीईने फिजिक्स-गणित ऐच्छिक करायचं म्हटलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला! गणित हवंच, वाद नाही. पण साइटबद्दल कुणी ओरडलं का?

मुळशीत या. हिंजवडी ते पिरंगुट इमारती उगवतायत. पावसाळ्यात वाळू ओली असते. तिच्यातलं पाणी काँक्रीटच्या पाण्यातून वजा करायचं असतं, नाहीतर काँक्रीट कमजोर होतं. पोरं हे परीक्षेत लिहितात. मिक्सरपाशी उभं राहून, जास्तीची बादली ओतणाऱ्याला "थांब" म्हणायची हिंमत कुठल्या पेपरात येते?

इंटर्नशिप असते की, म्हणाल. असते, पण ओळखीच्या ठेकेदाराचं सर्टिफिकेट आणलं की पुष्कळदा भागतं.

माझं म्हणणं एवढंच: पदवीआधी सलग सहा महिने साइट, त्यात एक अख्खा पावसाळा. पेपरात चुकलं तर मार्क जातात, स्लॅबमध्ये चुकलं तर खालच्या माणसाचा जीव.

असो. पुतण्या म्हणाला, "काका, छत्री द्याल ना?" देईन की!