धर्मवेष आणि हेरगिरी

वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली, त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अमरावती-अकोल्यासह १४ जिल्ह्यांत हिंडून तिने ११ हजारांवर लोकांची गाठ घेतली. काळ साम्यवादविरोधी शीतयुद्धाचा होता. हा धर्मप्रसार पाश्चात्त्य वर्चस्वाच्या जागतिक धोरणाचाच भाग दिसतो, असा निष्कर्ष समितीने १९५६ साली काढला.

संशय सर्वस्वी निराधार नव्हता. सी. आय. ए. ने अमेरिकी धर्मोपदेशक व मिशनरी यांपैकी २१ जणांना गुप्त कामी वापरल्याचे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७६ साली उघड केले. परंतु तेवढ्याने वऱ्हाडातील कोणावरही दोष शाबीत होत नाही.

अचलपूरनजीक कोठाऱ्याच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या हातांकडेही लोक साशंकतेने पाहू लागले, तर पहिला अपराध धर्माचा वेष हेरांना चढविणाऱ्यांचा होय. पुराव्याविना सरसकट आरोप करणे हा दुसरा. चौकशी अवश्य व्हावी. पण ती कृत्याची व्हावी, श्रद्धेची नव्हे.